कातडं आपलं, ताल कोणाचा?

साथींनो,

जयंतीच्या वर्गणीची बैठक होती. आमच्या तेल्हाऱ्यातल्या वस्तीत, विहाराच्या ओट्यावर. मुद्दा एकच, डीजे आणायचा की नाही. एक म्हातारा हळूच म्हणाला, "पोट्टेहो, डीजेले एवढे पैसे कायले? मातंग वस्तीतले डफडेवाले बलावू. वाजवतेत बी चांगलं."

तसा एक इंजिनिअरिंगचा पोरगा ताडकन् उठला. "डफडं म्हंजे गुलामी. बाबासाहेबांनं ते सोडाले सांगितलं. आपून बौद्ध हाओत. डफडं पुन्हा वस्तीत येनार नाई."

टाळ्या पडल्या. डीजे ठरला. टाळ्या वाजवणाऱ्यात मीही होतो.

घरी आलो. भिंतीवर आज्याची ढोलकी टांगलेली आहे. एका बाजूची शाई उडालेली, दोरी कुजलेली. तिच्याकडे बघून मला झोप येईना. माझा आजा खडी गंमतीत ढोलकी वाजवायचा. १९५६ साली बैलगाडीनं शेगावला आणि तिथून आगगाडीनं नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला, आणि घरातले देव नदीत सोडले. ढोलकी मात्र सोडली नाही. का नाही सोडली? तो गुलामच राहिला होता का? की त्याला काही ठाऊक होतं, जे आम्ही शिकलेले विसरलो? बाबासाहेबांनी नेमकं काय सोडायला सांगितलं आणि काय हातात ठेवायला सांगितलं?

हा लेख त्या झोप उडालेल्या रात्रीचा आहे.

आधी गावाचं बघू. वऱ्हाडातलं कुठलंही गाव घ्या. गाव वाजल्याशिवाय हलत नव्हतं. लग्नाची वरात निघायची तर वाजंत्री पुढं. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहायचे, झडत्या म्हटल्या जायच्या, तेव्हा डफडं पाहिजे. मेल्यावर तिरडीपुढं डफडं पाहिजे. सरकारी हुकूम आला, साथ आली, लिलाव निघाला, तर दवंडी पाहिजे. जन्मापासून सरणापर्यंत गावाचा प्रत्येक महत्त्वाचा क्षण आपल्या माणसांच्या हातानं वाजला. इंग्रज अधिकारी रसेल यानं रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीनं १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड लिहिले. त्यात मांग जातीची ओळखच गावचे वाजंत्री म्हणून दिली आहे. म्हणजे जात सांगितली की वाद्य कळायचं, वाद्य दिसलं की जात कळायची.

आणि मजुरी? लग्न आटोपल्यावर मागच्या दारी वाढलेलं उष्टं. पोळ्याला पसाभर दाणे. वाजवणारा वरातीच्या पुढं चालायचा, पण मांडवाच्या बाहेर बसायचा. सगळ्या गावाला नाचवणाऱ्याला गावात बसायला जागा नव्हती. तो पोरगा गुलामी म्हणाला ती हीच. तो खोटं बोलला नाही. पण त्यानं गुलामी डफड्यात पाहिली. ती डफड्यात होती की मांडवाच्या दारात होती, हा माझा प्रश्न आहे.

आता कातड्याकडे या. डफडं असो, ढोलकी असो, नाहीतर देवळातला मृदंग असो, तिन्हीवर कातडंच असतं. मेलेलं ढोर ओढलं कुणी? आमच्या बापजाद्यांनी. कातडं सोललं, कमावलं, ताणलं कुणी? आमच्यापैकीच कुणीतरी. त्या कातड्याच्या विटाळानं आम्ही वेशीबाहेर. आणि तेच कातडं मृदंगावर चढलं की थेट गाभाऱ्यापुढं, देवाच्या आरतीला! कातड्याला देऊळ उघडं, कातडं कमावणाऱ्याला बंद.

ही नुसती शब्दांची गंमत नाही. आपल्या वऱ्हाडातच, अमरावतीला, अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १९२७ साली चळवळ उभी राहिली. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. ध्यानात घ्या, परिषद नाटकाच्या थिएटरात भरली होती. त्या देवळात वाद्याचं कातडं कितीतरी वर्षांपासून जात होतं. माणसाला आत घ्या म्हणून सभा घ्यावी लागली.

आता थोडं मागं, तमाशाकडे जाऊ. कारण आमच्या पोरांना वाटतं, आपला नाचगाण्याचा इतिहास म्हणजे सगळा तमाशाच, आणि तमाशा म्हणजे सगळी लाज.

तमाशाला आजचं रूप उत्तर पेशवाईत आलं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, म्हणजे १७९६ ते १८१८, लावणीला दरबारचा आश्रय होता. रामजोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ ही त्या काळची नावं. पुस्तकांत शाहिरांची नावं टिकली. नाचणाऱ्या बायकांची नावं कुठं गेली? त्याच पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात होत्या. नाचायला पाय खालच्या जातीतले, बघायला डोळे वरच्या जातीतले. ज्या पेशवाईत आमच्या माणसाच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्याच पेशवाईत आमच्या बाईच्या घुंगराचा विटाळ झाला नाही. या ढोंगाला संस्कृती म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मी म्हणणार नाही.

पुढं पठ्ठे बापूराव आले. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, मृत्यू १९४५. बामणाच्या घरचा माणूस, पण तमाशात उतरला, आणि त्याच्या फडाला कीर्ती मिळाली ती महार समाजातल्या पवळाबाईमुळे. बापूरावांनी जात सोडली म्हणून त्यांचं कौतुक झालं. पवळाबाई नाचली तेव्हा तिनं काय सोडलं, काय गमावलं, हे कुणी विचारलं नाही. महाडच्या लढ्यासाठी बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळाचा पैसा देऊ केला आणि बाबासाहेबांनी तो नाकारला, ही हकिगत आपल्या चळवळीत सगळ्यांना माहीत आहे. आमच्या बायकांना नाचवून आलेला पैसा आमच्या मुक्तीच्या लढ्याला नको, असा त्या नकाराचा अर्थ. पुढं १६ जून १९३६ ला मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्या सभेतही बाबासाहेबांनी हेच सांगितलं. हा धंदा सोडा, हालअपेष्टा सोसा, पण माणूस म्हणून जगा.

हा नकार नीट वाचला पाहिजे. बाबासाहेबांनी गाणं नाकारलं नाही. गाण्यावर चाललेला बाईचा बाजार नाकारला. हे मी माझ्या सोयीचं बोलत नाही. पुरावा जलशात आहे.

जलसा आधी सत्यशोधकांनी उभा केला. जोतिरावांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापला. पुढं त्यांच्या अनुयायांनी विचार केला की, शेतकऱ्याला पुस्तक वाचता येत नाही, व्याख्यानाला तो येत नाही, पण तमाशाला पाच कोसांवरून येतो. मग तमाशाचाच साचा घेतला. तमाशाचा क्रम असा: आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. सत्यशोधकांनी हा क्रम ठेवला आणि आतला माल बदलला. गवळणीत बामणाला अडवून प्रश्न विचारले. वगात भटाची लूट, सावकाराचा व्याजबट्टा, शिक्षणाची गरज आली. लोक हसायला बसले आणि विचार करत उठले.

आंबेडकरी जलसेवाले याच्याही पुढं गेले. १९३० च्या आसपास नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जलसा उभा केला. त्यांनी काय काय बदललं बघा. गणातला गणपती गेला, तिथं बाबासाहेबांना आणि समाजाला वंदन आलं. कृष्ण आणि गवळणींची छेडछाड गेली. बाई नाचवणं बंद, बाईचं काम पुरुषानंच करायचं. बतावणीत मेलेलं ढोर ओढणारा आणि त्याला "कायले ओढतं बे?" म्हणून विचारणारा समोरासमोर आले. दारू, मरीआई, अंगात येणं, पोराला शाळेत न घालणं, महाडचं तळं, काळाराम मंदिर, हे सगळं फडावर आलं. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, झांज तीच. बोल बदलले, आणि सलाम कुणाला ठोकायचा ते बदललं. आपल्या दहा सभांचं काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा अर्थाचं बाबासाहेब बोलल्याचं सांगतात. कर्डकांनी नंतर स्वतः 'आंबेडकरी जलसे' यावर पुस्तक लिहिलं. ते मिळवून वाचा. कंदिलाच्या उजेडात, कधी दगडांचा मार खाऊन, पायी फिरून या माणसांनी चळवळ वाड्यावस्त्यांत नेली.

तेव्हा माझ्या इंजिनिअर भावाला माझं पहिलं उत्तर हे. बाबासाहेबांनी ढोलकी सोडायला सांगितली असती, तर जलसा कशावर झाला असता?

आपल्या वऱ्हाडात याला आणखी एक जोड होती. शेंडगावचा गाडगेबाबा. परीट जातीत १८७६ साली जन्मलेला, अंगावर चिंध्या, हातात गाडगं आणि खराटा. त्याचं कीर्तन म्हणजे निम्मं नाटकच. तो सांगायचा कमी, विचारायचा जास्त. समोरच्या हजार माणसांकडून वऱ्हाडी बोलीत उत्तर काढून घ्यायचा, आणि त्या उत्तरातच त्यांची अंधश्रद्धा उघडी पाडायचा. बकरं कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोराला शिकवा. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले आणि गाडगेबाबा २० डिसेंबरला, वलगावजवळ. दोन आठवड्यांत वऱ्हाडाच्या वस्त्यांचे दोन्ही आधार गेले. माझा आजा म्हणायचा, "त्या सालचा डिसेंबर आमी कसा काढला, आमालेच ठाव."

आता आज्याची गोष्ट. खडी गंमत म्हणजे वऱ्हाड-नागपूरकडचा उभ्या उभ्या होणारा खेळ. शाहीर पुढं गातो, ढोलकीवाला कमरेला ढोलकी बांधून उभा, आणि बाईचं काम करतो तो नाच्या, म्हणजे पुरुषच. कलगी आणि तुरा असे दोन पक्ष, रात्रभर सवाल-जवाब. कापूस निघाला, शेतकऱ्याच्या हातात पैसा खुळखुळला, की गंमतवाल्यांना बोलावणी यायची. आज्या सांगायचा, "पाटलाच्या वाड्यापुढं रातभर वाजवाचो. तवा पाटील म्हने, वा रे गड्या! अन् सकायी पानी वरून ओतून दे. 'वा' म्हनतानी तोंड इटायत नोतं, लोटा इटायत होता."

दीक्षेनंतर आज्यानं पाटलाच्या वाड्यापुढं वाजवणं बंद केलं. निरोप आले, धाक दाखवला, दोन हंगाम मजुरी तुटली. तरी गेला नाही. ढोलकी खुंटीला टांगली. पण पुढच्या १४ एप्रिलला तीच ढोलकी खाली काढली, शाई चढवली, आणि वस्तीत पोरांना भीमगीतावर साथ दिली. मी त्याला विचारलं होतं, "आबाजी, तुमी देव सोडले, ढोलकी काऊन नाई सोडली?"

तो म्हणाला, "देव त्याईचे होते बावा. ढोलकी आपली हाय."

एवढंच. हा माणूस शाळेत एक दिवस गेला नव्हता.

ही एका आज्याची गोष्ट नाही. १९५६ नंतर गावोगाव हेच झालं. जलशाची जागा गायन पार्टीनं घेतली. वामनदादा कर्डक, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस, जन्म १५ ऑगस्ट १९२२, मृत्यू १५ मे २००४. मोठा होईपर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. गिरणीत काम केलं, मुंबईत चिक्की-आइसफ्रूट विकलं, आणि मग हजारो गाणी लिहून महाराष्ट्रभर पायाला भिंगरी लावून फिरले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांनी कव्वालीचा ठेका आपल्या गाण्यात आणला. मुसलमान फकिराचा ठेका आणि बौद्धाचा बोल, हे लग्न बघायला कुठल्या विद्यापीठाचा संगीत विभाग आला नाही. उमप २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. विलास घोगरेंना तर आपण विसरूच शकत नाही. ११ जुलै १९९७ ला मुंबईत रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली, आणि चार दिवसांनी या शाहिरानं स्वतःला संपवलं. ज्याचं गाणं निव्वळ करमणूक असतं, तो असा मरत नाही.

आपल्या बायका मात्र यात कुठं आहेत? इथं आपल्यालाच आरसा दाखवला पाहिजे. जलशानं बाईला नाचण्यातून सोडवलं, ते गरजेचंच होतं. पण तिला गाण्यासाठी फडावर उभंही केलं नाही. तिचं काम पुरुषानं केलं, आणि तेच पुढं चालत राहिलं. गाणाऱ्या बाया नंतर आल्या, पण मोजक्याच. बाकीच्या जात्यावर गात राहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या किती तरी आहेत. कुठल्या कमिटीनं त्या लिहून दिल्या नव्हत्या. दळणाऱ्या बाईनं विठ्ठलाच्या जागी भीमराव बसवला आणि जातं ओढलं. माझ्या आजीला अशा पन्नासेक तरी ओव्या येत होत्या. आम्ही एकही लिहून ठेवली नाही. ती गेली, ओव्या गेल्या. हा गुन्हा कोणत्या पेशव्याचा नाही, माझा आहे.

काही भाऊ म्हणतात, बौद्ध धम्मात नाचगाणं वर्ज्य आहे. वाचून बोला. पंचशीलात नाचगाण्याचा उल्लेख नाही. नृत्य-गीत-वाद्यापासून दूर राहण्याचा नियम भिक्खू-श्रामणेरांना आणि उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणाऱ्यांना आहे. दीघ निकायाच्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व वीणा घेऊन बुद्धापुढं गातो, आणि तुझी तार आणि तुझा गळा एकमेकांत छान मिसळले, असं बुद्ध त्याला सांगतो. सोण नावाचा भिक्खू अति कष्टानं खचला, तेव्हा बुद्धानं त्याला वीणेचाच दाखला दिला. तार फार ताणली तरी वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. आम्रपाली वैशालीची नर्तकी. बुद्धानं तिच्या घरचं जेवण घेतलं, तिचं आमराईचं दान घेतलं, आणि थेरीगाथेत तिची गाथा थेरी म्हणून आहे. आणि खुद्द बाबासाहेब? उतारवयात, हजार कामांच्या धबडग्यात, व्हायोलिन शिकत होते. संगीत गुलामी असतं तर त्या माणसानं हातात गज धरला असता?

आता अवघड भाग. इथं मला टाळ्या नकोत.

आपण ढोर ओढणं सोडलं, बरोबर केलं. उष्ट्यावर वाजवणं सोडलं, बरोबर केलं. पण गावाची गरज संपली नव्हती. आपण टाकलेली कामं गावानं कुणाच्या खांद्यावर टाकली? पुष्कळ ठिकाणी शेजारच्या मातंग वस्तीच्या. त्यांच्याकडे आधीचं वाजंत्रीचं ओझं होतंच. मग आपण शिकलो, नोकरीला लागलो, आणि एक दिवस वळून त्यांच्याकडे बघून म्हणालो, 'हे अजून डफडं वाजवतात, हे गुलाम आहेत.' पाटील जी नजर आमच्या आज्याकडे टाकायचा, तीच नजर आम्ही त्यांच्याकडे टाकली. फक्त पाटलाच्या अंगणात खुर्ची नव्हती, बाज होती.

अण्णाभाऊ साठे कोण होते? वाटेगावच्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० ला जन्मलेला माणूस. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं, तमाशाचं लोकनाट्य केलं. १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनीच केलं. विठाबाई नारायणगावकर कोण? मातंग समाजातल्या. भर खेळात बाळंत झाली, नाळ दगडानं तोडली आणि पुन्हा उभी राहिली ती बाई. राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला आणि शेवटचे दिवस पैशाच्या ओढगस्तीत गेले, २००२ साली वारली. या दोघांची नावं आपण व्यासपीठावरून घेतो. आणि त्यांच्याच वस्तीतला डफडेवाला जयंतीत नको म्हणतो.

डीजेचं म्हणाल तर माझं यंत्राशी वैर नाही. पण एक हिशेब करा. डीजेच्या भाड्याचा पैसा वस्तीबाहेर जातो. त्या आवाजात गाण्याचा एक शब्द कळत नाही. जलशात शब्द सगळ्यात वर होता, ढोलकी त्याच्या खाली. डीजेत शब्द गाडला जातो. ज्या समाजानं शब्दावर चळवळ उभी केली, त्याला हे परवडणार आहे का?

त्या रात्रीनंतर चार दिवसांनी मी मातंग वस्तीत गेलो. एक सत्तरीचे काकाजी डफडं शेकत बसले होते. काड्यांचा जाळ करून त्यावर कातडं धरलेलं, मधूनमधून बोटानं टिचकी मारून सूर बघत. मी बैठकीत काय झालं ते सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले,

"मी वाजवतो भाऊ. बाबासाहेब आमचे बी हायेत. पन माह्या तीन गोष्टी हायेत. मी मिरवणुकीच्या म्होरं चालीन ते वाजंत्री म्हनून नाई, जयंतीवाला म्हनून. पैसे ठरवून अन् हातात घीन, फेकून नाई. अन् रातच्याले पंगतीत तुमच्या मांडीले मांडी लावून बशीन. मंजूर असन तं सांगा. नसन तं तुमचा डीजे बरा."

या तीन अटी वाचा साथींनो. पहिलीत मान आहे, दुसरीत मजुरी, तिसरीत रोटी. महाडपासूनची आपली सगळी लढाई या तीन अटींत आहे. फरक इतकाच की या वेळी अटी आपल्याला घातल्या आहेत आणि दार आपलं आहे.

यंदाचा डीजे ठरून गेला होता, बयाणा दिला होता. तो वाजला. मी काकाजींचं उत्तर पुढच्या बैठकीत मांडणार आहे. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी. वस्तीतल्या जुन्या गायन पार्टीवाल्यांच्या वह्या ज्याच्या घरात ट्रंकेत पडल्या असतील त्यानं त्या बाहेर काढाव्यात, आणि म्हाताऱ्या बायांच्या ओव्या पोरींनी आजच लिहून घ्याव्यात. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यात दुसऱ्याचं गाणं भरण्याआधी आपल्या आजीचं भरा.

आज्याच्या ढोलकीला मी नवी दोरी लावायला दिली आहे. शाई भरणारा माणूस अकोटला सापडला. माझ्या हाताला ताल नाही, वय झालं. काकाजींचा नातू शिकवायला तयार आहे. तो इंजिनिअर पोरगा शिकायला येतो का, ते मी त्यालाच विचारणार आहे, सगळ्यांसमोर.

जयभीम.